रंजनाला धूपात ठेवू नका

मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमाराला आमच्या घरात रंजनाला भोवळ येते.

एखाद्या दिवशी नव्हे, रोज. आधी मान कलते, मग हात लोंबतात, आणि अडीचला ती अशी काही गळून पडलेली असते की बघणाऱ्यानं तोंडावर पाणी मारायला धावावं. संध्याकाळी सात वाजता ऊन भिंतीवरून उतरलं की बाईसाहेब पुन्हा ताठ, जणू दुपारी झालं ते दुसऱ्याच कुणाला. दूधवाला दूध मापता मापता विचारतो, "अम्माजी, रंजना कैसी है?" मी सांगते, "उठ गई." समोर नवे भाडेकरू आले होते. त्यांच्या सूनबाईंनी तिसऱ्या आठवड्यात धीर करून मला विचारलं, की तुमच्याकडे कुणी आजारी मुलगी आहे का, आणि असली तर तिला जिन्याखाली का ठेवता?

रंजना म्हणजे कुंडीतलं हायड्रेंजियाचं झुडूप. (लिहिताना कुंडी लिहिते. बोलताना आम्ही ग्वाल्हेरची मंडळी गमलाच म्हणतो, आणि त्यावरून पुण्याच्या वन्सं आम्हाला काय म्हणतात ते पुढं येईलच.) तिचं बारसं सासूबाईंनी केलं. त्यांचं वय ८६, डावा कान पार गेलेला, उजवा आपल्या सोयीनं चालणारा. झाड घरी आणलं त्या दिवशी मी त्यांना नाव सांगितलं, "हायड्रेंजिया." त्यांनी कान पुढं केला. मी पुन्हा सांगितलं. "हाय रंजिया?" त्या म्हणाल्या. "हाय कशाला मध्ये? नुसतं रंजना म्हण." तेव्हापासून ती रंजना.

झाडाला घरच्या माणसासारखं नाव देणाऱ्या माझ्या सासूबाई पहिल्या नव्हेत. नागासाकीच्या बंदरात देजिमा नावाचं एवढंसं बेट होतं, तिथं डच व्यापाऱ्यांची वखार. १८२३ मध्ये त्या वखारीवर फिलिप फ्रान्झ फॉन सीबोल्ट नावाचा जर्मन डॉक्टर आला. तिथं ताकी नावाची जपानी तरुणी त्याची सोबतीण झाली, त्यांना एक मुलगी झाली. पुढं देशाचे नकाशे जवळ सापडले म्हणून जपानी सरकारनं त्याला १८२९ मध्ये घालवून दिलं. मायलेकी मागंच राहिल्या. युरोपात बसून सीबोल्टनं जपानच्या झाडांवर मोठा ग्रंथ केला आणि त्यात एका हायड्रेंजियाला नाव दिलं 'ओताक्सा'. लॅटिनच्या बुरख्याआड 'ओ-ताकी-सान', म्हणजे आपल्या ताकीबाई. नंतरच्या पंडितांनी ही वेगळी जात नव्हेच असं ठरवून ते नाव बाजूला सारलं. नागासाकीकरांनी मात्र हेच फूल आपल्या शहराचं फूल केलं. ती मागं राहिलेली लेक, इने, मोठी होऊन डॉक्टर झाली. मला या सगळ्यात तीच जास्त आवडते.

हायड्रेंजिया या मूळ नावाचा अर्थ ग्रीकमध्ये पाण्याचं भांडं. बियांचं बोंड इवल्याशा घागरीसारखं दिसतं म्हणून अठराव्या शतकात कुणा विद्वानानं हे नाव ठेवलं. नावाचा तहानेशी काही संबंध नाही, असं पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं आहे. ते लिहिणाऱ्यानं एकदा मे महिन्यात ग्वाल्हेरला यावं. पारा ४५ च्या पुढं गेलेला असतो, गल्लीतलं कुत्रं नालीतून उठत नाही, आणि रंजना सकाळ-संध्याकाळ मिळून बादलीभर पाणी पिते.

आता हे पाण्यासाठी जीव टाकणारं झाड आम्ही या भट्टीत आणलंच कशाला?

दोष महाबळेश्वरचा. लग्नानंतर यांच्याबरोबर एकदा सातारा जिल्ह्यात गेले होते, कुलदैवताला. तिथून महाबळेश्वर. पाऊस नुकता संपलेला. एका जुन्या बंगल्याच्या कुंपणाशी नारळाएवढाले फुलांचे गुच्छ लागले होते, आणि त्यांचा रंग निळा. आकाशी नव्हे, मोरपंखी नव्हे. शाईची बाटली बादलीत सांडल्यावर पहिल्या क्षणी पाण्याला येतो तसा. मी तिथं इतका वेळ उभी राहिले की टांगेवाल्यानं वेळेचे पैसे जास्त घेतले. पुढं ३० वर्षं हिशेबतपासणीच्या नोकरीत निळ्या शाईखेरीज दुसरी निळाई पाहिली नाही. निवृत्त झाले आणि पहिल्याच हिवाळ्यात मेळ्याहून परतताना रस्त्याच्या कडेला एका हातगाडीवर ते निळं दिसलं. आमचा मेळा म्हणजे १९०५ मध्ये माधवराव महाराजांनी सुरू केलेला. थंडीत ग्वाल्हेरातलं माणूस तिथं जाऊन काही ना काही उचलून आणतंच, आणि घरी आल्यावर ते कशासाठी आणलं ते आठवत नाही. मी झाड उचललं. "धूप सहेगा?" म्हणून विचारलं. गाडीवाला म्हणाला, "माताजी, ये तो पत्थर पे भी खिलेगा." मी आयुष्यभर लोकांची बिलं तपासली, आणि या वाक्याची पावती मागितली नाही.

ते पहिलं झाड एप्रिलच्या अखेरीला वारलं. उन्हानं नव्हे, दयेनं.

त्याचं असं झालं. हायड्रेंजियाचं पान मोठं आणि पातळ. कडक उन्हात पानांतून जेवढं पाणी उडून जातं, तेवढं वर चढवणं मुळांना जमत नाही. मग झाड पानं खाली सोडतं आणि संध्याकाळपर्यंत गप्प राहतं. माती ओली गच्च असली तरी मान टाकतं. हे आम्हाला कुठं माहीत? दोन वाजता सासूबाईंनी बघितलं, त्यांनी तांब्याभर पाणी घातलं. अडीचला हे चहासाठी उठले, त्यांनी घातलं. तीनला भांडी घासायला येणारी, "बेचारी," म्हणत तिनं घातलं. साडेचारला मी. प्रत्येकाला वाटायचं, या घरात झाडाची काळजी असलेलं माणूस आपण एकटंच. मुळं कुजली. झाड उपटून काढलं तेव्हा कुंडीतून तळ्यासारखा वास आला. तेव्हापासून नियम केला आहे: पानं पडली की पाणी घालायचं नाही, मातीत दोन पेरं बोट खुपसून बघायचं. बोट कोरडं निघालं तरच तांब्या उचलायचा. सासूबाईंनी नियम मान्य केला, पण दुपारी त्या रंजनाजवळ पंखा घेऊन बसतात. पंख्याला मनाई केलेली नाही.

बसतात ती जागा म्हणजे जिन्याखालचा नऊ फूट बाय पाच फुटांचा तुकडा. आमची बाग ती एवढीच. आमचं घर लश्करात. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी पडली ती पुन्हा उठलीच नाही. तंबूंचे वाडे झाले, छावणीचं शहर झालं, आणि नाव तेवढं लश्कर राहिलं. त्याच गर्दीत आमच्या कुणा मूळपुरुषानं चांगला दोन चौकी वाडा बांधला होता. आज त्याच्या चार वाटण्या आहेत आणि चौकातून तीन भिंती गेल्या आहेत. तुळस धाकट्या चुलतदिरांकडे, बुजलेली विहीर थोरल्यांकडे. पारिजातक भिंतीपलीकडे आणि त्याची फुलं आमच्याकडे. सत्यभामा-रुक्मिणीचं भांडण आमच्याकडे २२ वर्षं चालू आहे, फक्त श्रीकृष्ण तेवढे दोन्हीकडून गप्प आहेत. वाटणीच्या वेळी जिन्याखालचा हा कोपरा कुणीच मागितला नव्हता. तोच रंजनाला मानवला: पूर्वेचं कोवळं ऊन दहापर्यंत, मग दिवसभर भिंतीची सावली. दुपारच्या उन्हाला तिथं येताच येत नाही. वकिलानं काढलेल्या रेघांचा एवढा उपयोग आमच्या घराण्यात दुसऱ्या कुणाला झाल्याचं ऐकिवात नाही.

मोकळ्या जमिनीत हे झुडूप माणसाच्या डोक्याला लागेल एवढं वाढतं. पाच फुटांच्या बागेत ते चालायचं नाही, म्हणून बुटक्या जाती शोधायच्या. परदेशात त्यांची रेलचेल आहे. 'पिया' नावाची एक जात दोन फुटांवर थांबते. 'बोबो' नावाची दुसरी तीन फुटांच्या आत आवरते आणि इतकी फुलते म्हणतात की फांदी दिसत नाही. आमचा भाचा न्यू जर्सीला असतो. त्याच्या दारात बोबोची तीन झुडपं आहेत, त्यांना तो वर्षातून एकदा कात्री दाखवतो आणि विसरतो. त्याच्याकडे हायड्रेंजिया म्हणजे आपल्याकडची सदाफुली. फोटो पाठवून वर लिहितो, "मामी, इथं तर हे रस्त्यावर असतं." या मुलाला लहानपणी मी पोहायला नेत असे.

ग्वाल्हेरला 'बोबो' म्हणून मागितलं तर नर्सरीवाला दुकान बंद करून घरी जाईल. इथं 'छोटी वाली' म्हणायचं आणि जे मिळेल ते घ्यायचं. मी दुसरी रंजना घेतली ती फुटभर उंचीची. १४ इंची मातीची कुंडी, तळाच्या भोकावर खापरी, एक भाग माती, दोन भाग कुजलेली पानं आणि नारळाचा भुसा. वर नारळाच्या शेंड्यांचं पांघरूण, माती तापू नये म्हणून. मातीची कुंडी अंगातून पाणी सोडते, त्यामुळे माठासारखी गार राहते आणि माठासारखीच रिकामी होते. प्लॅस्टिकची पाणी धरून ठेवते पण मेमध्ये आतली मुळं उकडून काढते. आमच्याकडच्या उन्हात मी मातीच्याच बाजूची.

ही दुसरी रंजनासुद्धा घेतली तेव्हा निळी होती. पुढच्या वसंतात फुलली ती गुलाबी.

नुसती गुलाबी नव्हे. मेळ्यात मिळणारे बुढ्ढी के बाल असतात ना, तसली. मी रडायचीच बाकी होते. सासूबाई खूश. "निळं काय करायचंय, मोहरमला? लेकीबाळींना गुलाबीच शोभतं." हे म्हणाले, "गाडीवाल्यानं रंग मारला असेल." गाडीवाला या बाबतीत निर्दोष होता. रंग मारणारी माती.

या फुलाची खोड अशी आहे की ते मातीची बातमी बाहेर सांगतं. अ‍ॅल्युमिनियम मातीत सगळीकडे असतंच. माती आंबट असेल तर ते पाण्यात उतरतं, मुळांवाटे फुलापर्यंत पोचतं आणि रंग निळा होतो. माती चुन्याच्या अंगाची असेल तर ते मातीतच कुलूपबंद राहतं आणि फूल गुलाबी. पीएचचा आकडा साडेपाचच्या आत असला तर निळं, साडेसहाच्या वर गेला तर गुलाबी, मध्ये कुठं असला तर मध्येच काहीतरी. फक्त पांढऱ्या जाती या भानगडीत पडत नाहीत. महाबळेश्वरची माती जांभ्या दगडाची, वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस. चुन्याचा अंश केव्हाच धुऊन समुद्राला मिळालेला. आमच्याकडे पाऊस एरवी हजाराच्या आतच, आणि माती उरलेलं सगळं जपून ठेवणारी. भाच्यानं मातीत बुडवायच्या कागदी पट्ट्या पाठवल्या. आकडा आला आठ. त्यातून माझी कुंडी जुन्या चुनेगच्चीच्या भिंतीला टेकलेली. प्रत्येक पावसात मूळपुरुषाचा चुना थोडा थोडा रंजनाच्या पोटात जात होता.

मग सल्ले सुरू झाले. शेजारी म्हणाले, गंजके खिळे पुरा. पुरले. खिळ्यांत लोखंड असतं, हवं होतं अ‍ॅल्युमिनियम. पानं हिरवी झाली असतील तर असतील, फूल होतं तिथंच. मग एक दिवस न्हाव्याच्या दुकानावरून जाताना माझ्या डोक्यात उजेड पडला. तुरटी! तुरटी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचाच खडा. दाढीनंतर गालाला, पावसाळ्यात गढूळ पाण्याला आणि दृष्ट लागली तर निखाऱ्यावर, अशी सगळीकडे चालणारी वस्तू. फुलाला का चालू नये? चालते. बादलीभर पाण्यात सुपारीएवढी तुरटी, पंधरा दिवसांतून एकदा, जास्त हावरटपणा केला तर मुळं भाजतात. आणि सुरुवात करायची ती शरदात. फूल उमलल्यावर तुरटी घालणं म्हणजे निकाल लागल्यावर अभ्यास. सासूबाईंनी मला कुंडीत तुरटी घालताना बघितलं आणि त्यांचा समज झाला की मी रंजनाची दृष्ट काढते आहे. त्यांनी मीठ-मोहऱ्या आणून दिल्या. मोठ्या मुश्किलीनं मीठ वाचवलं. म्हणजे, रंजनाला वाचवलं.

पण तुरटी एकीकडून आणि पाणी दुसरीकडून. आमच्या बोरिंगचं पाणी जड. ज्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही, त्या पाण्यात रंजना निळी होत नाही, हे मी अनुभवानं सांगते. आरओच्या यंत्राचं फेकायचं पाणी तर त्याहून वाईट. सगळे क्षार त्यातच उतरलेले. कूलरच्या टाकीतलं पाणी बघायला गार, पण रोज उडून उडून आटलेलं, वाळ्यावर पांढरी पापडी धरवणारं. शेवटी उत्तर सापडलं ते पहिल्या मजल्यावरच्या एसीच्या नळीत. एसीचं टपकणारं पाणी हवेतलं असतं, त्यात चुन्याचा कण नाही. आता त्या नळीखाली बादली असते. यांनी वीजबिलाचा विषय काढला की मी बादलीकडे बोट दाखवते.

या सगळ्या काळात वन्संचे पुण्याहून फोन चालूच होते. वन्सं यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या, लग्न होऊन ४५ वर्षं पुण्यात, त्यामुळे जन्म ग्वाल्हेरचा असला तरी जीभ सदाशिव पेठेची झालेली. एकदा सासूबाई त्यांना फोनवर सांगत होत्या, "मी हिला बजावलंय, रंजनाला धूपात ठेवू नको म्हणून."

वन्सं गंभीर झाल्या. "आई, देवघरात कुंडी ठेवता की काय? धुरानं मरेल ती."

अर्धा तास गेला तेव्हा कुठं उलगडलं. पुण्यात धूप देवापुढे जळतो, आमच्याकडे तो आकाशातून पडतो. "ऊन म्हणा हो, ऊन!" वन्सं कळवळल्या. "आणि गमला काय, कुंडी म्हण. तुमच्या तिकडच्या पाण्यानं मराठी पार बिघडली."

मी एरवी वन्संना उलट बोलत नाही. त्या दिवशी म्हटलं, "वन्सं, पाणी तर तुमचं-आमचं एकाच हाताचं. विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, तसलेच पुढं आमच्या तिघऱ्याच्या धरणाला बसवले. आणि मराठीचं म्हणाल तर राजकवी तांबे ग्वाल्हेरचेच होते." यावर वन्सं थोडा वेळ गप्प राहिल्या, कारण शाळेत असताना तांब्यांच्या कवितेला त्यांना बक्षीस मिळालेलं आहे.

पण फोन ठेवल्यावर मला हसू आलं. म्हणण्यात खोटं नव्हतं. इथं येऊन आमच्या वाड्याचा 'बाडा' झाला. महाराज बाडा हीच शहराच्या मधल्या चौकाची ओळख. लष्कराचा 'ष' गेला आणि 'श' आला. आणि खुद्द शिंदे? सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडहून निघालेलं घराणं. या मातीत आलं आणि सिंधिया झालं. त्यांना कुणी म्हणालं नाही की तुमचा रंग बिघडला. बरं, गावाचं नाव तरी बघा. कण्हेर! आमच्या रस्त्यांच्या मधोमध, डांबर वितळत असताना, पाण्याच्या थेंबाशिवाय भर मेमध्ये गुलाबी फुलून उभी असते ती कण्हेर. ग्वाल्हेरला टिकायचं तर कण्हेरीच्या गावचं असावं. रंजनाचे पूर्वज जपानच्या ओल्या किनाऱ्यावरचे, तिला कुठून जमणार?

आणि जमलं थोडं, तर मी ते बिघडवलं. दिवाळीच्या साफसफाईत गुलाब छाटत होते. कात्रीला धार होती, हात चालत होता, तशी रंजनाचीही टोकं साफसूफ करून टाकली. ती ढिसाळ दिसत होती. त्या वसंतात पानांचा नुसता डोंगर, फूल एक नाही. या जातीच्या कळ्या शरदातच जुन्या फांद्यांच्या टोकाला बसतात आणि हिवाळाभर तिथं मुटकुळं करून झोपतात. मी त्या झोपेतच उडवल्या होत्या. छाटायचं ते फूल उतरल्या उतरल्या, नंतर कात्री कुलपात. भाच्याचा बोबो नव्या फांदीवर फुलतो, म्हणून त्याला हिवाळ्यात कापलं तरी चालतं. नशिबं असतात एकेकाची. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पोरीचे केस कापलेस, आता वेणी कुठं माळणार?"

एका गोष्टीत मात्र ग्वाल्हेर जिंकतं. ती गोष्ट म्हणजे थंडी. त्या झोपलेल्या कळ्यांना नीट जागं व्हायला आधी सहा-आठ आठवड्यांचा गारठा लागतो, पाच-सात अंशांच्या आसपासचा. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत धुक्यात समोरचं घर दिसत नाही, पारा त्याहून खाली येतो, सासूबाई रजईतून फक्त उजवा कान बाहेर काढतात. सगळे त्या थंडीला शिव्या देतात. मी रात्री शाल गुंडाळून खाली जाते आणि रंजनाच्या उघड्या फांद्यांना हात लावून बघते. कधी नव्हे ते या हवामानाचं कुणाला तरी भलं होत असतं.

फुलं आली की देवाचा प्रश्न येतो. सासूबाईंनी पहिला गुच्छ नाकाशी धरला. "वास नाही हिला."

"जास्वंदीला कुठं असतो, आई? गणपतीला चालतेच की."

त्यांनी विचार केला. मी उत्साहात पुढं सांगून बसले की ही रंगीत दिसतात ती खरं म्हणजे पाकळ्या नव्हेतच. कळीला बाहेरून झाकणारी दलं असतात ना, ती मोठी होऊन रंगलेली. खरं फूल मधे टाचणीच्या डोक्याएवढं. "म्हणजे फुलात फूलच नाही?" सासूबाईंनी गुच्छ खाली ठेवला. चार दिवस रंजना देवघराबाहेर. मग मी त्यांना सांगितलं की जपानात हिच्या एका जातभाईच्या पानांचा गोड चहा करतात आणि बुद्धाच्या जन्मदिवशी बाळबुद्धाच्या मूर्तीवर त्याची धार धरतात. "अभिषेक होतो ना? मग झालं," त्या म्हणाल्या, आणि गुच्छ गणपतीपुढं गेला. (तो चहा कुणी कुंडीतल्या पानांचा करू नये. ती जात निराळी. आपल्या रंजनाची पानं पोटात गेली तर विषारी. आमच्या छतावरच्या माकडांनाही हे कळतं, ती फक्त कुंडी पाडतात.)

आता कुंड्या दोन आहेत. रंजनाचीच फांदी पावसाळ्यात खोचली, ती महिन्याभरात लागली. या झाडाची फांदी लावणं सोपं. थोरलीला एसीचं पाणी आणि तुरटी, धाकटीला नळाला येईल ते. यंदा एप्रिलमध्ये मिळून नऊ गुच्छ आले. धाकटीचे पाच, सगळे बुढ्ढी के बाल. थोरलीचे चार. त्यांना निळं म्हणवत नाही. गुलाबीही नव्हेत. लग्नातला निळा शालू चुकून लाल परकराबरोबर भिजत पडावा, तसला काहीतरी रंग आहे. एका गुच्छात तर एक बाजू महाबळेश्वरची आणि एक लश्करची. पट्टी बुडवली, आकडा सहा. तुरटी आणखी वाढवली तर अजून निळी होईल, असं हे म्हणाले. मी वाढवली नाही. मला तो रंग बघायची सवय झाली आहे.

गेल्या वर्षी वन्सं महिनाभर येऊन राहिल्या. जाताना त्यांनी रंजनाची एक फांदी मागितली. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, झेलम एक्सप्रेसमध्ये मांडीवर धरून त्या ती पुण्याला घेऊन गेल्या. परवा फोन आला तेव्हा मी विचारलं, कशी आहे?

"मजेत आहे. सकाळचा चांगला दोन तास धूप मिळतो गमल्याला," वन्सं म्हणाल्या, आणि एकदम थांबल्या.

मी काही ऐकलं नाही असं दाखवलं. फूल अजून एकही आलेलं नाही. पानं मात्र फार सुरेख आहेत, असं त्यांचं म्हणणं आहे.